मधोमध शिवण असलेलं वेल्श पांघरूण: हातमागाचं की गिरणीचं, आणि कापायचं की नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासरे 1970 च्या दशकात साउथ वेल्समध्ये, मर्थरच्या बाजूला डॉक्टर होते. भारतात परतताना एका पेशंटच्या घरच्यांनी त्यांना एक जाडजूड लोकरी पांघरूण दिलं. ते आता पुण्यात सासूबाईंच्या ट्रंकेत सापडलं. एका बाजूनं गडद निळ्यावर पांढरी नक्षी, उलटवलं की पांढऱ्यावर निळी. मधोमध वरपासून खालपर्यंत शिवण आहे, त्यामुळे ते फाटल्यावर जोडलं असावं असं तुम्हाला वाटतं. अशा पांघरुणांना ‘वेल्श टॅपेस्ट्री’ म्हणतात असं तुम्ही वाचलंत. मग हे हातानं विणलेलं आहे का, एका कोपऱ्याला कसर लागली आहे तिचं काय करायचं, आणि दोन मुलींना अर्धं अर्धं कापून द्यावं का?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी मूळची आटपाडीकडची. नवऱ्याच्या नोकरीमागे साउथ वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात आले, संध्याकाळच्या वर्गात विणायला शिकले आणि पुढे वीसेक वर्षं एका छोट्या लोकर गिरणीत काम केलं. तिथं मागावरून उतरलेलं कापड उजेडात धरून दोष शोधायचे आणि रफू करायचं हे माझं काम होतं. त्यामुळे या कापडाची माझी ओळख नक्षीपेक्षा भोकांमधूनच जास्त झाली आहे.

पहिली गोष्ट, याला टॅपेस्ट्री म्हणतात खरं, पण ते टॅपेस्ट्री नाही. टॅपेस्ट्रीत रंगीत आडवा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. तो आपल्या आकृतीपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. आपल्या पैठणीचा पदर असाच विणतात, म्हणजे खरी टॅपेस्ट्री कुठली म्हणाल तर पैठणी. वेल्समधलं हे कापड म्हणजे दुहेरी वीण. वेल्श भाषेत अशा पांघरुणाला ‘कार्थेन’ म्हणतात. टॅपेस्ट्री हे नाव व्यापाऱ्यांनी आणि पर्यटकांनी रूढ केलं, आणि आता गिरण्याही तेच लेबलवर छापतात. मी भांडणं सोडून दिलं आहे.

दुहेरी वीण म्हणजे काय, हे हातानंच कळतं. निळ्या रंगाचा मोठा चौकोन शोधा, तो दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि बोटं एकमेकांपासून ओढा. निळा थर वर येईल आणि पांढरा खाली राहील, मध्ये मोकळी पोकळी सापडेल. मागावर दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, एकाच वेळी लावलेले असतात, एक निळा आणि एक पांढरा, आणि दोन स्वतंत्र साधी कापडं एकावर एक विणली जातात. वरच्या कापडासाठी धोटा (आडवा धागा नेणारा) टाकायचा तेव्हा वरच्या ताण्याचे निम्मे धागे उचलायचे. खालच्यासाठी टाकायचा तेव्हा वरचा सगळा ताणा उचलून वाटेतून बाजूला करायचा आणि खालच्याचे निम्मे उचलायचे. नक्षीत जिथं रंग बदलायचा तिथं ही कापडं जागा बदलतात, वरचं खाली आणि खालचं वर. ही अदलाबदल होते त्या रेषेवरच दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात, बाकी सगळीकडे सुटे असतात. चौकोनाचौकोनात हवा कोंडून राहते, म्हणून हे पांघरूण वजनाच्या मानानं फार ऊबदार असतं.

मागची बाजू पुढच्या बाजूची उलट प्रत दिसते ती यामुळेच. सोलापुरी चादर उलटून पाहिलेल्या माणसाला रंगांची ही अदलाबदल ओळखीची वाटेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हातानं विणलेलं आहे का? बहुतेक लोक हा प्रश्न आशेनं विचारतात. हातमाग म्हणजे खरं आणि गिरणी म्हणजे नक्कल, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. वेल्सच्या बाबतीत ही मोजपट्टी चालत नाही. इथली परंपराच पाण्याच्या काठची गिरणी आहे. ओढ्यावर चाक, चाकावर लोकर पिंजायचं यंत्र, पुढे सूतकताईचं यंत्र, वरच्या मजल्यावर माग, आणि मालकासकट पाच-दहा माणसं. गावातला शेतकरी आपली लोकर आणून द्यायचा आणि बदल्यात कापड किंवा पांघरूण घेऊन जायचा. अशी एक गिरणी, 1760 च्या सुमाराची एस्गायर मोएल, मूळ जागेवरून हलवून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात 1952 साली उभी केली आहे. कधी आलात तर बघा. जेवढ्या जागेत आपल्याकडे पिठाची गिरणी मावते, त्याहून फार मोठी नाही.

त्याही आधीपासून, मागाच्या पूर्वी यंत्रानं काबीज केलेलं काम म्हणजे कापड कुटणं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि खरखरीत असतं. ते पाण्यात भिजवून लाकडी हातोड्यांखाली कुटलं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड आटून घट्ट होतं. हे हातोडे मध्ययुगापासून पाणचक्कीवर चालत. अशा कुटण-गिरणीला वेल्शमध्ये ‘पॅन्डी’ म्हणतात. टॉनीपॅन्डी हे गाव तुमच्या सासऱ्यांना नक्की ठाऊक असणार. कोळशाच्या खाणींमुळे गाजलेल्या त्या गावाचं नाव मात्र लोकरीवरून पडलं आहे. कुटताना तेलकटपणा काढायला शिळं मूत्र वापरायचे आणि त्यासाठी घरोघरचं मूत्र गोळा केलं जाई. तोंड वाकडं करू नका, त्यातला अमोनिया त्या काळचा साबण होता.

सगळ्यात मोठा धंदा पांघरुणांचा नव्हताच, फ्लॅनेल या मऊ लोकरी कापडाचा होता. मध्य वेल्समधलं न्यूटाउन हे त्याचं जुनं केंद्र. तिथल्या विणकरांची घरं अजून उभी आहेत. खाली पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या आणि वरच्या मजल्यावर सगळ्या घरांवरून सलग जाणारा मागांचा लांब हॉल. याच गावात प्राइस प्राइस-जोन्स नावाच्या कापड दुकानदारानं 1861 मध्ये आपल्या मालाची यादी छापून पोस्टानं पाठवायला सुरुवात केली आणि आलेल्या मागणीप्रमाणे फ्लॅनेल रेल्वेनं पोचतं केलं. टपालानं खरेदीची पद्धत धंदा म्हणून उभी करणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घेतात. 1876 मध्ये त्यानं आत उशी असलेल्या गुंडाळायच्या लोकरी पांघरुणाचं पेटंट घेतलं, म्हणजे आजच्या स्लीपिंग बॅगचं पूर्वरूप. ती रशियन सैन्याला हजारोंनी विकली. पण दुकान वाढलं तरी गावचे माग वाचले नाहीत. लँकेशायरमधल्या रॉचडेलच्या वाफेवरच्या गिरण्या तेच फ्लॅनेल स्वस्तात काढू लागल्या आणि न्यूटाउनचा विणकर बसला.

मग धंदा दक्षिण-पश्चिमेला टायवी नदीच्या खोऱ्यात सरकला. ड्रेवाख वेलिन्ड्रे हे तिथलं गाव. उतारावरचे ओढे, मऊ पाणी आणि खोऱ्यात आलेली रेल्वे. गिऱ्हाईक होतं साउथ वेल्सच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांवरचे कामगार. घाम शोषून घेणारा आणि ओला झाला तरी अंगाला गार न लागणारा फ्लॅनेलचा शर्ट त्यांना हवाच असे. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या मागणीनं गिरण्या रात्रंदिवस चालल्या. युद्ध संपलं, सरकारी साठा बाजारात ओतला गेला, भाव कोसळले आणि 1920 च्या दशकात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गावातली मोठी केंब्रियन मिल 1919 मध्ये जळाली होती आणि पुन्हा बांधली गेली. तीच वास्तू आज वेल्सचं राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे.

एक गोष्ट इथले लोकही अलीकडेच मोकळेपणानं बोलू लागले आहेत. अठराव्या शतकात मेरियोनेथ आणि मॉन्टगोमरीशरच्या डोंगराळ शेतघरांत विणलेलं जाडंभरडं पांढरं कापड श्रूजबरीचे व्यापारी विकत घेत, आणि त्यातलं बरंचसं अटलांटिकपार जाई. कॅरिबियन आणि अमेरिकेच्या मळ्यांवर गुलामांच्या अंगावर तेच कापड असे. विणणारेही गरीबच होते, पण त्यांच्या मागाला काम कुठून येत होतं हे सांगितल्याशिवाय या कापडाचा इतिहास पुरा होत नाही.

तुमच्यासारखी दुहेरी विणीची पांघरुणं या सगळ्याच्या कडेला होत राहिली. गिरणीत लग्नाची भेट म्हणून मागणी यायची, की काढलं एखादं. यांचा खरा सुकाळ आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 ते 1970 च्या दशकांत. फ्लॅनेलचा बाजार मेलेला, म्हणून गिरण्यांनी पर्यटकांसाठी हेच कापड गुलाबी-जांभळ्या, नारिंगी-तपकिरी, पोपटी-निळ्या अशा डोळे दिपवणाऱ्या रंगांत काढलं. त्याचे कोट शिवले, पिशव्या शिवल्या, चष्म्याची घरंही. 1969 मध्ये कार्नार्वनच्या किल्ल्यात प्रिन्स चार्ल्सचा युवराजपदाचा सोहळा झाला तेव्हा तर उधाणच आलं. हा सगळा माल यंत्रमागावरचा, बहुतेक डॉबक्रॉस नावाच्या दणदणीत मागावरचा. त्या मागावर नक्षी लाकडी पट्ट्यांत ठोकलेल्या खुंट्यांवरून वाचली जाते. खुंटी आहे तिथं ताण्याचे धागे धरणारी चौकट उचलली जाणार, नाही तिथं नाही. तो माग चालू असताना शेजारी उभं राहून बोलता येत नाही, आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो. हातमाग नसला तरी खुंट्या ठोकणं, ताणा भरणं, तुटलेला धागा चालत्या मागावर सांधणं हे सगळं माणसाच्याच हातचं. म्हणून गिरणीचं निघालं तर हिरमुसू नका.

आता तुमच्या शिवणीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे.

ते फाटून जोडलेलं नाही. जुने माग अरुंद असत. विणकराचे हात जेवढे पसरतात तेवढाच पन्हा. पलंगभर पांघरूण हवं असेल तर एक लांब पट्टा विणायचा, मधोमध आडवा कापायचा आणि दोन तुकडे शेजारी ठेवून काठाला काठ शिवायचे. रुंद माग आल्यावर शिवणीची गरज उरली नाही. म्हणजे 1970 च्या दशकात दुकानातून आणलेली भेट असती तर बहुधा सलग असती. गडद निळा-पांढरा हा साधा जोडही पर्यटकी रंगांच्या आधीच्या चवीचा. काही लहान गिरण्या अरुंद माग बरीच वर्षं चालवत राहिल्या, त्यामुळे छातीठोक साल सांगणार नाही. पण माझा कल असा की त्या घरच्यांनी तुमच्या सासऱ्यांना बाजारातलं काही आणून दिलं नाही, घरातलं दिलं. इथं कार्थेन आजीकडून नातीकडे जातं, हे लक्षात घ्या.

दोन गोष्टी तपासून बघा. शिवणीच्या दोन्ही बाजूंची नक्षी एकमेकींना नीट जुळते का? हातमागावर आडवा धागा दाबून बसवायचा ठोका दिवसभर एकसारखा पडत नाही. सकाळचा चौकोन आखूड आणि दमल्यावरचा लांब, असं होतं. वरच्या टोकाला जुळलेली नक्षी खाली येता येता बोटभर सरकली असेल तर हातमागाची शक्यता वाढते. दुसरं, उन्हात नेऊन निळ्या भागात मध्ये मध्ये ताठ पांढरे केस दिसतात का पाहा. वेल्श डोंगरी मेंढीच्या लोकरीत असे राठ केस असतात आणि ते रंग पकडत नाहीत. ते दिसले तर लोकर बहुधा इथलीच. आजच्या गिरण्या बरीचशी मऊ लोकर न्यूझीलंडची वापरतात, कारण गिऱ्हाइकाला टोचलेलं चालत नाही. इकडच्या शेतकऱ्याला लोकरीचे पैसे कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत. आमच्या आटपाडीकडे दख्खनी मेंढीची लोकर कातरून टाकून देतात, तीच गत. चिंचोक्याची खळ लावून ताणलेला घोंगडीचा ताणा मी लहानपणी सनगरांच्या दारात पाहिला आहे. इथं आल्यावर राठ काळ्या लोकरीचा वास आला तेव्हा पहिल्यांदा घरची आठवण त्याच दाराची झाली.

आता कसर. भोकं कोपऱ्यात आहेत म्हणता, म्हणजे ट्रंकेच्या तळाशी दुमडलेला भाग असणार. कसरीच्या अळीला अंधार आणि निवांतपणा लागतो. आधी पांघरूण गॅलरीत नेऊन हलक्या हातानं ब्रश करा, शिवणीत आणि दशांत विशेष. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ते मावणार नाही, ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याला विचारा, मी खरंच सांगते आहे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरचं दमट वारं थेट थंड लोकरीवर पाणी होऊन बसेल. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण त्यानं आत असलेली अळी मरत नाही. डांबराच्या गोळ्या नकोत. तो वास लोकरीतून वर्षानुवर्षं जात नाही आणि छातीलाही चांगला नाही.

धुणं शक्यतो टाळा, वारा द्या. धुवायचंच असेल तर आधी प्रत्येक रंगावर ओला पांढरा सुती फडका दाबून रंग सुटतो का बघा. सुटत नसेल तर गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात किंवा लोकरीसाठीच्या सौम्य साबणात, न चोळता, नुसतं दाबून. पिळू नका, दोरीवर टांगू नका, चादरीवर सपाट पसरून सावलीत वाळवा. दुहेरी विणीला कोमट पाणी आणि घुसळणं यांचा धोका साध्या कापडापेक्षा मोठा असतो. दोन थरांचं सूत वेगळं असेल तर एक थर जास्त आटतो, दुसरा कमी, आणि प्रत्येक चौकोन पापडासारखा फुगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी माझंच एक पांघरूण मशीनमध्ये घालून असं घालवलं. ते नंतर कुत्र्याच्या टोपलीत गेलं.

भोकांना रफू करताना दोन्ही थर एकत्र शिवायची चूक करू नका, तिथं कायमची गाठ दिसते. बहुतेक वेळा कसर एकाच थराला लागलेली असते आणि भोकातून खालचा दुसरा रंग डोकावतो. त्या भोकातून दोन थरांच्या मध्ये जाड कार्डाचा तुकडा सरकवा आणि फक्त वरच्या थराला, त्याच रंगाच्या लोकरीनं, एक खाली एक वर असं विणून काढा. सुई बोथट टोकाची घ्या.

आणि कापणं. मधून कात्री लावली तर कापलेल्या काठाला दोन्ही थर सुटे होतात आणि दोन्हीकडून दशा निघायला लागतात. लगेच झिगझॅग शिलाई घातली तरी तो काठ कायम दुखरा राहतो. तुमच्या बाबतीत मात्र कात्रीची गरजच नाही. तुमचं पांघरूण मुळात दोन तुकड्यांचंच आहे. शिवण उसवली की दोन पट्टे मिळतील आणि शिवणीच्या बाजूचा काठ विणतानाच वळलेला पक्का काठ असेल. एकेक पट्टा सोफ्यावर पाय झाकायला पुरेसा होतो. नक्षी शिवणीवर जुळवायला ज्या कुणी बाईनं किंवा बुवानं मेहनत घेतली ती मोडायला माझं मन धजणार नाही, पण पांघरूण तुमचं आहे आणि मुली दोन आहेत.

उसवायचं ठरलंच तर मागच्या बाजूनं, दिवसाच्या उजेडात, दर चौथा-पाचवा टाका छोट्या कात्रीनं तोडून धागा ओढून काढा. काठाचं सूत टाक्यात घट्ट अडकलेलं असेल तिथं ओढू नका, पुढचा टाका तोडा. निघालेला धागा फेकू नका, पाकिटात घालून एका पट्ट्याबरोबर ठेवा. मुलींपैकी कुणाला पुढे ते पुन्हा जोडावंसं वाटलं तर किती जाडीचा धागा घ्यायचा आणि टाके किती अंतरावर घालायचे, हे त्या धाग्यावरून आणि काठाला पडलेल्या भोकांवरून कळेल.